पाण्याखालील वनस्पतींस कर्बवायु : साधनें कशीं निवडावीं

कोणत्याहि वनस्पतीचें वाळलेलें शरीर घेऊन त्याचें पृथक्करण केलें तर वजनाचा सुमारें चाळीस ते पंचेचाळीस टक्के भाग कर्बाचा, म्हणजे कार्बनचा निघतो. ऊस असो, ज्वारी असो कीं बांधावरचें गवत असो, या प्रमाणांत फारसा फरक पडत नाहीं. हा कर्ब शेणखतांतून किंवा रासायनिक खताच्या पोत्यांतून येत नाहीं. तो हवेंतून येतो. ज्या वायूच्या रूपानें तो येतो त्यास शास्त्रीय भाषेंत कार्बन डायऑक्साइड म्हणतात. जुन्या क्रमिक पुस्तकांत त्यास कर्बाम्ल वायु असें नांव असे. या लेखांत आपण त्यास नुसतें कर्बवायु म्हणूं. शेतकऱ्यास हें खत विकत आणावें लागत नाहीं, म्हणून त्याचा विचारहि तो करीत नाहीं. नत्र, स्फुरद, पालाश यांचा हिशेब ठेवणारे आपण कर्बाचा हिशेब वाऱ्यावर सोडून देतों, आणि शेतांत तें चालतेंहि.

परंतु तीच वनस्पति पाण्याखालीं वाढवावयाची झाली म्हणजे हिशेब पालटतो. हल्लीं आमच्या पुष्कळ सभासद बंधूंच्या घरीं मुलांच्या हौसेखातर कांचेच्या टांक्या आल्या आहेत, व त्यांत नुसते मासे न सोडतां हिरवींगार झाडें लावण्याचा प्रघात वाढत आहे. कांहीं तरुणांनीं तर शेडनेटखालीं पाणवनस्पतींचीं रोपें करून शहरांतील दुकानदारांस पुरविण्याचा जोडधंदा आरंभिला आहे. हे सर्वजण आज ना उद्यां कर्बवायूच्या सिलिंडरापाशीं येऊन ठेपतात, आणि मग दुकानदार जें पुढें ठेवील तें उचलून आणतात. झाडें वाढलीं नाहींत तर एक वेळ चालेल. पण सकाळीं उठून पाहावें तों सर्व मासे उताणे तरंगत आहेत, असा प्रकार घडल्याचें आतां आपल्या तालुक्यांतहि ऐकूं येऊं लागलें आहे. म्हणून या साधनांपैकीं कशावर पैसा खर्च करावा व कशावर करूं नये, हें थोडें विस्तारानें लिहीत आहें.

कारण आधीं समजून घेऊं. आज हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारें ४२० भाग असतात. एवढासा अंश उभ्या पिकास पुरतो, कारण वारा वाहत असतो व पानाजवळचा वायु संपतांच दुसरा त्याच्या जागीं येतो. पाण्याचें तसें नाहीं. हवेशीं समतोल पावलेल्या पाण्यांत, आपल्याकडील उष्णतामानांत, लिटरामागें हा वायु अवघा अर्धा-पाऊण मिलिग्रॅम विरघळलेला असतो. शिवाय पाण्यांत वायु पसरण्याचा वेग हवेंतील वेगाच्या सुमारें दहा हजारांश एवढाच. पानानें लगतच्या पाण्यांतला वायु शोषून घेतला कीं नवा येऊन पोंचेपर्यंत तें उपाशीं राहतें. दुकानांतून आणलेलीं रोपें पंधरा दिवसांत सडूं लागतात याचें मर्महि बहुधा येथेंच असतें. तीं रोपें नर्सरींत बहुतकरून पाण्याबाहेर, दमट हवेंत वाढविलेलीं असतात. हवेंतल्या मुबलक कर्बावर पोसलेलें पान पाण्यांत बुडविलें म्हणजे तें टिकत नाहीं. झाडास पाण्याजोगें नवें पान काढावें लागतें, आणि नेमक्या त्याच वेळीं त्याच्या ताटांत कांहीं नसतें.

टांकींत कर्बवायु लिटरामागें वीस ते तीस मिलिग्रॅमपर्यंत नेला तर हीच झाडें जोमानें वाढतात. जपानचे ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनीं सजविलेल्या टांक्यांचीं चित्रें आमचीं मुलें मोबाइलवर पाहतात, त्यांतील गालिच्यासारख्या हिरवळीचें रहस्य बव्हंशीं हेंच आहे. तथापि प्रत्येक टांकीस हा खटाटोप करावा असें मात्र नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ श्प्रेंगेल व लीबिख यांनीं गेल्याच्या मागच्या शतकांत मांडलेला किमान घटकाचा नियम शेतकऱ्यांस नवा नाहीं : जें सर्वांत कमी, त्यावरच वाढ अडते. टांकीवर उजेडच मंद असेल तर कर्बवायु सोडून उपयोग नाहीं. सावलींतल्या पिकास युरिया टाकण्यासारखेंच तें होईल. अनुबियास, जावा फर्न, बहुतेक क्रिप्टोकोरीन हीं झाडें मंद उजेडांत, कर्बवायूवांचून सावकाश पण सुखानें वाढतात. व्हॅलिसनेरिया तर पाण्यांतील बायकार्बोनेटांतूनहि कर्ब घेऊं शकते, व आपल्या दख्खनच्या विहिरींच्या जड पाण्यांत तो पदार्थ भरपूर असतो. एवढ्यावर ज्याचें समाधान होत असेल त्यानें पुढील खर्चांत पडूंच नये. लाल पानांच्या रोटाला — यांतील एक नामांकित जात मूळची आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण भागांतली आहे — किंवा तळाशीं पसरणारें बारीक पानांचें गवत ज्यास हवें असेल, त्यानेंच सिलिंडराचा विचार करावा.

लहान टांकीवर प्रयोग म्हणून दोन घरगुती रीती आहेत. साखरेच्या पाण्यांत यीस्ट घालून बाटलींत आंबवणें ही पहिली. ती स्वस्त खरी, पण आंबण्याचा वेग आपल्या हातीं नसतो व रात्रीं ती बंद ठेवतां येत नाहीं. दुसरी रीत खाण्याचा सोडा व लिंबूसत यांची. २०० ग्रॅम सोडा व सुमारें १५० ग्रॅम लिंबूसत यांच्या संयोगानें शंभर ग्रॅमच्या थोडा वर वायु निघतो, व लहान टांकीस तो दोन-तीन आठवडे पुरतो. मात्र हें मिश्रण त्यासाठींच केलेल्या पोलादी भांड्यांतच करावें. प्लास्टिकच्या बाटल्यांस तोट्या जोडून दाब कोंडण्याचे प्रयोग मुलांस करूं देऊं नयेत.

आतां सिलिंडर. त्यांत कर्बवायु वायुरूपानें नसून बहुतांशीं द्रवरूपानें भरलेला असतो, आणि ही एक गोष्ट नीट ध्यानांत धरली कीं पुढच्या अर्ध्या चुका टळतात. वीस अंश सेल्सियसला आंतला दाब सुमारें ५७ बार, तर तीस अंशांला ७२ बार असतो. आपल्या ठिबकाच्या नळींत एक-सव्वा किलोचा दाब असतो, एक बार म्हणजे जवळजवळ तितकाच, हें लक्षांत घेतां ७२ बार म्हणजे काय तें उमजेल. ३१ अंशांवर तर हा वायु द्रवरूपांत राहूंच शकत नाहीं, व मग उष्णतेबरोबर दाब भराभर चढतो. म्हणूनच सिलिंडर कधींहि पुरता भरीत नाहींत. त्याच्या पाणी-मापाच्या सुमारें दोन-तृतीयांश वजनाचाच वायु भरतात. तीन लिटर पाणी मावणाऱ्या सिलिंडरांत दोन किलो वायु, असा हिशेब. ‘थोडा जास्त भरून द्या’ अशी घासाघीस येथें जिवावर बेतूं शकते. वैशाखांत सिलिंडर उन्हांत, पत्र्याखालीं किंवा बंद मोटारींत ठेवूं नये हें वेगळें सांगण्याची गरज नसावी.

सिलिंडर विकत घेतांना त्याच्या खांद्यावर ठोकलेलीं अक्षरें वाचावीं. रिकाम्याचें वजन, पाणी-माप, चांचणीचा दाब व शेवटच्या चांचणीचा महिना-वर्ष इतकें तेथें असलेंच पाहिजे. अशा सिलिंडराची पाण्याच्या दाबानें दर पांच वर्षांनीं चांचणी व्हावी लागते. हीं बंधनें गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांखालीं असून त्यांचा अंमल पाहणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संघटना आपल्या नागपुरांतच मुख्य ठाणें करून आहे. अक्षरें घांसून टाकलेला, रंगाचे थर चढविलेला जुना सिलिंडर फुकट मिळाला तरी घेऊं नये. सातबाऱ्यावर नोंद नसलेली जमीन जशी, तसाच तो.

आग विझविण्याचा जुना सिलिंडर या कामीं वापरावा काय, असा प्रश्न मजकडे दोघां-तिघांनीं केला. उत्तर, नाहीं. त्याच्या आंत वरच्या तोटीपासून बुडापर्यंत एक नळी सोडलेली असते. तोटी उघडतांच वायु न येतां द्रव वर चढतो, आणि द्रव रेग्युलेटरांत शिरला कीं तो गोठून निकामी होतो. ह्याच कारणास्तव आपला साधा सिलिंडरहि आडवा ठेवून वापरूं नये. तो उभा असावा व भिंतीस सांखळीनें किंवा पट्ट्यानें जखडलेला असावा.

सिलिंडर केवढा घ्यावा याचें उत्तर टांकीकडे पाहून द्यावयाचें तसें खोलीकडे पाहूनहि द्यावयाचें असतें. शंभर लिटरांच्या टांकीस आरंभीं सेकंदास एक बुडबुडा पुरतो, दोनशेच्या टांकीस दोन. एक बुडबुडा मिलिलिटराचा विसावा भाग धरला, तर सेकंदास दोन या वेगानें आठ तासांत २.९ लिटर, म्हणजे सुमारें पांच ग्रॅम वायु लागतो. या हिशेबानें दोन किलोचा सिलिंडर वर्षभर पुरावा. असें असतां ‘पुन्हां पुन्हां भरावयास नको’ म्हणून पांच-सहा किलोचा सिलिंडर निजण्याच्या खोलींत आणून उभा करणें शहाणपणाचें नाहीं. कां, तें पाहा. एक किलो द्रवाचा साडेपांचशे लिटर वायु होतो. दहा फूट लांब, दहा रुंद व दहा उंच अशा खोलींत सुमारें २८,३०० लिटर हवा मावते. दारें-खिडक्या बंद असतां दोन किलोचा सिलिंडर तींत एकदम मोकळा झाला तर हवेंत जवळजवळ चार टक्के कर्बवायु होतो, व चार टक्के म्हणजे जिवास तत्काळ धोका अशी मर्यादा अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेनें घालून दिली आहे. पांच किलोचा असेल तर दहा टक्क्यांच्या आसपास जातो, आणि तितक्या हवेंत माणूस कांहीं मिनिटांतच बेशुद्ध पडतो. शिवाय हा वायु हवेच्या दीडपट जड. तो खालीं सांचतो, आणि आपल्या घरांत लहान मुलें जमिनीवर अंथरूण टाकून निजतात.

पेवांत किंवा पडक्या विहिरींत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहण्याची आपल्या वाडवडिलांची रीत याच वायूच्या भयानें पडली होती. दिवा विझला तर माणसानें उतरावयाचें नाहीं. महसूल खात्याच्या नोकरींत असतांना विहिरींत गुदमरून झालेल्या मृत्यूंचे कागद माझ्या हातून गेले आहेत. पहिल्यास काढावयास दुसरा उतरला व तोहि गेला, अशी हकीकत त्यांत असावयाचीच. म्हणून सिलिंडर ओसरीच्या बाजूस, वाहत्या हवेच्या खोलींत ठेवावा. फार तर दोन किलोचा ठेवावा. पहिल्यानें जोडतांना व दर भरणीनंतर प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी लावून फेस येतो कीं काय तें पाहावें.

सर्वांत अधिक पैसा ज्यावर खर्च करावा असें साधन म्हणजे रेग्युलेटर. साठ-सत्तर बारांचा दाब दीड-दोन बारांवर आणून तो तेथेंच स्थिर धरणें हें त्याचें काम. धरणाचें पाणी शेतापर्यंत आणणारा पाटकरी जसा, तसा तो समजावा. पाटकरी गाफील राहिला तर बागाईतदारानें कितीहि काळजीनें दारें धरलीं तरी वाफे फुटणारच. रेग्युलेटर एकटप्पी व दोनटप्पी अशा दोन प्रकारचे मिळतात. एकटप्पींत सबंध उतार एकाच झडपेवर होतो. त्यांतील दोष असा कीं, सिलिंडराचा दाब त्या झडपेस बंद होण्याच्या बाजूस रेटीत असतो. सिलिंडर संपत आला म्हणजे तो रेटा कमी होतो, झडप किंचित् अधिक उघडते, व बाहेरचा दाब उतरण्याऐवजीं उलट चढतो. वर्षभर बिनबोभाट चाललेली टांकी एके दिवशीं अकस्मात् माशांसकट जाते, ती पुष्कळदां अशा शेवटच्या दिवसांत. दोनटप्पींत पहिली झडप मोठा उतार घेते व दुसरी उरलेला, म्हणून सिलिंडराच्या चढउताराची झळ टांकीपर्यंत जवळजवळ पोंचत नाहीं.

रेग्युलेटरावर दोन घड्याळें असावीं : एक सिलिंडराच्या दाबाचें, एक बाहेर जाणाऱ्या दाबाचें. मोठ्या घड्याळाचा कांटा पाहून सिलिंडर किती भरला आहे असा अंदाज बांधणारे फसतात. आंत द्रवाचा थेंब आहे तोंवर कांटा हलत नाहीं, मग तो पाऊण भरलेला असो कीं निम्मा. सुमारें एक-तृतीयांश वायु उरला, द्रव संपला, कीं तो उतरूं लागतो. ज्यास दोनटप्पी रेग्युलेटर परवडत नसेल त्यानें एकटप्पी खुशाल घ्यावा, पण कांटा नेहमींच्या निम्म्यावर येतांच उरल्यासुरल्या गॅसचा लोभ न धरतां सिलिंडर भरावयास पाठवावा. आणि बाहेरचा दाब कमीजास्त करतां येईल असाच रेग्युलेटर निवडावा. कारखान्यांतून एकाच दाबावर बसवून आलेला स्वस्त पडतो, पण पुढें साधन बदललें कीं अडवतो.

काटकसरीची एक वाट सुचवून ठेवतों. तालुक्याच्या गांवीं वेल्डिंगवाल्यांस कर्बवायूचे रेग्युलेटर पुरविणारीं दुकानें असतात. तो माल धट्टाकट्टा असतो, व बिघडला तर जवळपास दुरुस्त होतो. मिनिटास कित्येक लिटर सोडण्यासाठीं तो केलेला असल्यानें नुसता आपल्या कामाचा नाहीं. पण पुढें चांगला नीडल व्हॉल्व्ह जोडला म्हणजे भागतें. येथेंच आट्यांची गोष्ट सांगितली पाहिजे. सिलिंडराच्या तोंडाचे आटे देशोदेशीं निराळे आहेत. अमेरिकेची मोड वेगळी, युरोपची वेगळी, व आपल्याकडे भारतीय मानक ३२२४ प्रमाणें ठरलेली वेगळी. परदेशी रेग्युलेटर मागवून मग त्यास सिलिंडर शोधीत फिरण्यापेक्षां आधीं आपल्या भागांत कोणत्या तोंडाचा सिलिंडर भरून मिळतो त्याची चौकशी करावी, व त्यास बसेल तोच रेग्युलेटर घ्यावा. न बसणारे आटे टेफ्लॉन गुंडाळून बसविण्याचा उद्योग करूं नये.

नीडल व्हॉल्व्ह म्हणजे सुईसारख्या टोकाची अत्यंत बारीक तोटी. रेग्युलेटर दाब धरतो, ही तोटी माप धरते. दुकानांत पाहतांना ती पाव आटा फिरवून बुडबुडे किती बदलतात तें पाहावें. जरा हात लागतांच एकाचे वीस बुडबुडे होत असतील तर ती परत ठेवावी. सकाळीं लावलेलें माप संध्याकाळीं तसेंच राहतें काय, हीच तिची खरी परीक्षा, व ती घरीं आणल्यावरच होते. म्हणून बदलून देण्याची बोली पावतीवर लिहून घ्यावी.

यानंतर विजेची झडप, जिला सोलेनॉइड म्हणतात. १७७९ सालीं यान इंगेनहाउस या डच वैद्यानें प्रयोगांनीं दाखविलें कीं वनस्पति हवा शुद्ध करते ती उजेडांतच, अंधारांत ती उलट हवा दूषित करते. रात्रीं झाडें कर्बवायु घेत नाहींत, सोडतात, मासेहि सोडतात. अशा वेळीं सिलिंडर चालूं राहिला तर वायु सांचत जातो. म्हणून दिवे लागण्यापूर्वीं तास-दीड तास गॅस सुरू व्हावा व दिवे मालवण्याआधीं तासभर बंद व्हावा, अशी योजना टायमरानें करतात.

आमच्याकडे वीज केव्हां जाईल व केव्हां येईल याचा भरंवसा नसल्यानें या झडपेची निवड शहरांतल्यापेक्षां अधिक जपून केली पाहिजे. झडप ‘वीज गेली कीं बंद’ या जातीचीच हवी. वीज असतां बंद व गेली कीं उघडी अशीहि एक जात दुसऱ्या कामांसाठीं बाजारांत असते. स्वस्तांत मिळाली म्हणून ती आणूं नये. टायमर चावीच्या चक्राचा असेल तर वीज जाईल तितका वेळ तो मागें पडतो, आणि आठवड्याभरांत गॅस रात्रीं सुरू होऊं लागतो. सबब आंत बॅटरी असलेला आंकडी टायमर घ्यावा. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. घरांत इन्व्हर्टर असेल व गॅसची झडप त्यावर, पण पाणी फिरविणारा पंप व दिवे मात्र साध्या लाइनीवर, अशी जोडणी झाली तर वीज जातांच पाणी थांबतें, उजेड जातो, आणि गॅस तेवढा चालूं राहतो. तिन्ही एकाच लाइनीवर घ्यावीं. झडपेचें वेटोळें हातास कोमट लागतें, त्यांत भिण्याचें कारण नाहीं; बारा व्होल्टांवर चालणारी असेल तर बरें.

राहिलेल्या किरकोळ वस्तूंवर फार वेळ घालवावयास नको. सिलिकॉनची मऊ नळी घेऊं नये, तिच्या अंगांतूनच हा वायु झिरपतो. पॉलियुरेथेनची टणक नळी घ्यावी. पाणी उलट चढून विजेच्या झडपेंत शिरूं नये म्हणून मध्यें एकमार्गी झडप घालावी, ती पितळेची किंवा पोलादाची. बुडबुडे मोजण्याची नळी कोणतीहि चालेल; मात्र एकीचे बुडबुडे दुसरीच्या बुडबुड्यांशीं ताडून पाहूं नयेत, कारण आकार सारखे नसतात. वायु पाण्यांत मिसळणाऱ्या चिनी मातीच्या चकतीस डिफ्यूजर म्हणतात. त्याचे कांचेचे नक्षीदार नमुने दुकानांत दर्शनी मांडलेले असतात व गिऱ्हाईक तेथेंच पैसे संपवितें. साधी चकतीहि तेंच काम करते, फक्त तिला दोनेक बारांचा स्थिर दाब हवा, व शेवाळ धरलें म्हणजे ब्लीचच्या सौम्य पाण्यांत भिजवून, पुष्कळ वेळां खळबळून, पुन्हां लावावी. टांकी मोठी असेल तर बाहेरच्या फिल्टरच्या परतीच्या नळीवर बसणारें मिश्रणपात्र अधिक किफायतशीर पडतें.

वायु किती विरघळला तें डोळ्यांनीं दिसत नाहीं. त्यासाठीं ड्रॉप चेकर नांवाची कांचेची लहान वाटी टांकीच्या आंत चिकटवितात. तींत ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंग घातलेलें ठराविक क्षारतेचें पाणी असतें : निळें दिसलें तर वायु कमी, हिरवें तर लिटरामागें तीस मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळें तर अधिक. पुष्कळजण तींत टांकीचेंच पाणी भरतात, तें चूक. आपल्या विहिरीच्या जड पाण्यांत क्षारता मूळचीच इतकी असते कीं वाटी निळीच राहते, माणूस गॅस वाढवीत जातो, व मासे मरतात. १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा दहा लिटर ऊर्ध्वपातित पाण्यांत विरघळविला कीं हवें तें चार अंश क्षारतेचें पाणी तयार होतें. वाटीचा रंग पालटावयास एक-दोन तास लागतात, म्हणून ती मागची बातमी सांगते असें धरून चालावें. ताजी बातमी मासेच देतात. ते पाण्याच्या पृष्ठाशीं येऊन तोंड वासूं लागले, कल्ले भराभर हालूं लागले, तर रंगाकडे न पाहतां गॅस बंद करावा, हवेचा पंप लावावा व निम्मे पाणी बदलावें. पाण्यांत कर्बवायु फार झाला म्हणजे माशाच्या रक्तास प्राणवायु नीट धरतां येत नाहीं, आणि उन्हाळ्यांत ऊन पाण्यांत प्राणवायु आधींच कमी असतो. नवी जोडणी सुरू करावयाची ती आपण दिवसभर घरीं असूं अशाच दिवशीं, सेकंदास एका बुडबुड्यापासून, व वाढवावयाचें तें एक-एक दिवस आड.

एक लहानशी वही करावी. तींत दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, गॅस बंद असतां, रेग्युलेटरासकट सिलिंडराचें वजन लिहावें. शेजारीं बुडबुड्यांचें माप, दोन्ही घड्याळांचे आंकडे व वाटीचा रंग. वर सांगितलेल्या दोनशे लिटरांच्या टांकीस महिन्यास सुमारें दीडशे ग्रॅम घट येते. तीच घट तीनशे-साडेतीनशेवर गेली व बुडबुडे मात्र तेवढेच असले, तर कोठेंतरी सांधा गळत आहे. मग त्याच संध्याकाळीं खिडक्या उघड्या टाकून साबणाचें पाणी घेऊन बसावें, व गळता सांधा सांपडेपर्यंत सिलिंडराची मुख्य तोटी रात्रीं बंद ठेवावी.